काँक्रीट, शोभिवंत : सामग्री व खर्चाचा अंदाज

रंग, पोत, आकृती किंवा खडीची शोभा यांसाठी ज्या काँक्रीटचा दर्शनी पृष्ठभाग हेतुपूर्वक घडविण्यात येतो, त्याला शोभिवंत काँक्रीट म्हणतात. मोझेइक (टेराझो) फरशी, साच्याच्या फळ्यांच्या रेषा उमटलेल्या उघड्या भिंती, ठसे उमटविलेली अंगणे व पदपथ हे त्याचे प्रमुख प्रकार होत. साध्या काँक्रीटचा अंदाज मुख्यतः घनफळावरून करतात. शोभिवंत काँक्रीटमध्ये मात्र क्षेत्रफळ, कडांची लांबी आणि पृष्ठभागावर होणारे श्रम यांवर खर्च ठरतो. पायाच्या कामात खडी कमी पडल्यास ती पुन्हा मागविता येते व नंतर कोणाच्या लक्षातही येत नाही. रंगीत थराचा माल मध्येच संपला, तर नंतर आणलेल्या सिमेंटाची व रंगद्रव्याची छटा पहिल्याशी क्वचितच तंतोतंत जुळते आणि तो सांधा इमारत उभी असेपर्यंत दिसत राहतो. म्हणून येथे अंदाज हे केवळ हिशोबाचे काम नसून कामाच्या गुणवत्तेचा तो एक भाग असतो.

भारतात दीर्घकाळ प्रचलित असलेल्या, जागेवर ओतून केलेल्या मोझेइक फरशीवरून ही पद्धती स्पष्ट होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रूढ विनिर्देशानुसार अशा ४० मिमी. जाडीच्या फरशीत ३४ मिमी. जाडीचा १:२:४ प्रमाणाच्या काँक्रीटचा खालचा थर व त्यावर ६ मिमी. जाडीचा शोभेचा थर असतो. शोभेच्या थरासाठी ३ भाग सिमेंट व १ भाग संगमरवराची भुकटी वजनाने मिसळतात व या मिश्रणाच्या ४ भागांना १ ते ४ मिमी. आकाराची ७ भाग संगमरवरी खडी घनफळाने घेतात. खडी मोठी असल्यास वरचा थर ९ किंवा १२ मिमी. करून खालचा थर त्या मानाने कमी करतात.

६ मी. × ५ मी. मापाच्या दिवाणखान्याचे उदाहरण घेतल्यास क्षेत्रफळ ३० चौ. मी. व खालच्या थराचे घनफळ १.०२ घ. मी. होते. सुट्या द्रव्यांतील पोकळ्या भरून येत असल्याने कोरड्या सामग्रीचे घनफळ तयार काँक्रीटच्या सु. १.५४ पट धरतात; येथे ते सु. १.५७ घ. मी. येते. त्याचे सात भाग केल्यास सिमेंट सु. ०.२२ घ. मी., म्हणजे ५० किग्रॅ.ची साधारण साडेसहा पोती, वाळू ०.४५ घ. मी. आणि खडी ०.९० घ. मी. लागते. ही वाळू कोरडी धरलेली आहे. ओलसर वाळू फुगते व तिचे घनफळ वीस-पंचवीस टक्क्यांनीही वाढलेले असू शकते; घनफळाने खरेदी करताना ही वाढ हिशोबात घ्यावी लागते.

खरी चूक होते ती वरच्या थरात. ६ मिमी. ही पूर्ण झालेल्या फरशीतील जाडी आहे. यांत्रिक घासाईत एक-दीड मिमी. थर झिजून जातो, म्हणून ओतताना जाडी सु. ७.५ मिमी. ठेवणे इष्ट असते. त्यानुसार थराचे घनफळ ०.२२५ घ. मी. होते. केवळ ६ मिमी.वरून ०.१८ घ. मी. मालाचा हिशोब केल्यास तो २४ चौ. मी. जागेस पुरतो व दिवाणखान्याचा पाचवा हिस्सा उघडा राहतो. कोरडे घनफळ सु. १.३५ पट धरल्यास ०.३० घ. मी. सामग्री लागते. तीत स्थूलमानाने ११६ किग्रॅ. सिमेंट, ३९ किग्रॅ. संगमरवरी भुकटी आणि ३०० किग्रॅ. संगमरवरी खडी येते. पाच टक्के नासधूस धरून सिमेंट १२२ किग्रॅ. म्हणजे व्यवहारात तीन पोती घ्यावी लागतात. घासाईत उघडी पडणारी बारीक छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटाच्या पातळ लगद्याने भरतात. त्यासाठी लागणारे कोरडे मिश्रण मूळ मालातूनच आरंभी बाजूला काढून ठेवणे योग्य. जाडीच्या दृष्टीने हा थर संपूर्ण फरशीच्या सातव्या हिश्शाएवढाच असतो. पण पांढरे सिमेंट, निवडक खडी व घासाई यांमुळे खर्चाचा मोठा वाटा त्याकडेच जातो.

रंगद्रव्य सिमेंटाच्या वजनाच्या टक्केवारीने घेतात. चार टक्क्यांच्या छटेसाठी वरील उदाहरणात ते सु. ५ किग्रॅ. लागेल. दहा टक्क्यांहून अधिक रंगद्रव्य घालणे बंधकाच्या बळास बाधक असते, आणि त्याआधीच छटा गडद होण्याचे जवळजवळ थांबलेले असते. तेव्हा जादा रंगाचा खर्च व्यर्थच होय. फिक्या छटांना पांढरे सिमेंट आवश्यक असते, तर गडद तांबड्या किंवा काळ्या रंगास राखी सिमेंट चालते. खर्चात यामुळे पडणारा फरक रंगद्रव्याच्या किंमतीपेक्षाही मोठा असू शकतो.

फरशीला तडे जाऊ नयेत म्हणून तिचे २ चौ. मी.पेक्षा मोठे नसलेले चौकोन पाडून मध्ये काच, ॲल्युमिनियम किंवा पितळेच्या पट्ट्या बसवितात. वरील दिवाणखान्यात १.५ मी. × १.२५ मी. मापाचे सोळा चौकोन केल्यास ३३ मी. पट्टी लागते, एक मीटरचे चौकोन केल्यास ती ४९ मी. होते. पितळेच्या पट्टीच्या बाबतीत हा फरक मालकास सहज जाणवतो.

श्रमाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. सु. आठवडाभर फरशी ओलसर ठेवल्यावर क्रमाने बारीक होत जाणाऱ्या कार्बोरंडमच्या दगडांनी (उदा., ६०, १२० व ३२० क्रमांकांच्या) ती घासतात आणि अखेरीस प्रत्येक चौ. मी.ला सु. ३३ ग्रॅ. ऑक्झॅलिक अम्लाची भुकटी वापरून झिलई देतात, ३० चौ. मी.ला ती सु. १ किग्रॅ. पुरते. यंत्र भिंतीच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. कोपरे, जिन्याच्या पायऱ्या व भिंतीलगतची उभी पट्टी हातानेच घासावी लागते. त्यामुळे लहान न्हाणीघराचा प्रतिचौरस मीटर खर्च मोठ्या दालनापेक्षा बराच अधिक येतो. सरसकट एकच दर लावणाऱ्या अंदाजपत्रकात ही गोष्ट हमखास निसटते आणि तंट्याचे मूळ बहुधा तेथेच असते.

उघड्या काँक्रीटच्या भिंतीत हेच स्थान साच्याला मिळते. १ घ. मी. काँक्रीटची भिंत ३०० मिमी. जाड केल्यास दोन्ही बाजू मिळून सु. ६.७ चौ. मी. साचा लागतो, तर १५० मिमी. जाड केल्यास १३.३ चौ. मी.; काँक्रीट तेवढेच, पण साचा दुप्पट. निवडक फळ्या किती वेळा पुन्हा वापरता येतील, यावर त्याचा दर अवलंबून राहतो. ठसे उमटविलेल्या अंगणात पृष्ठभागावर भुरभुरावयाची रंगीत कठीणक भुकटी प्रतिचौरस मीटरला सु. ३ किग्रॅ. धरतात, गडद छटांपेक्षा फिक्या छटांना ती अधिक लागते.

परिमाणे निश्चित झाल्यावर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची किंवा स्थानिक बाजारभाव घेऊन दरपृथक्करण करतात. केंद्रीय विभागाच्या पद्धतीत सामग्री व मजुरीवर पाण्यासाठी एक टक्का आणि ठेकेदाराचा नफा व वरखर्च यांसाठी पंधरा टक्के धरतात. दरसूचीतील दर हे सर्वसाधारण रंगांचे असतात. खास छटा किंवा दुर्मिळ खडी हवी असल्यास स्वतंत्र पृथक्करण करावे. मान्यतेसाठी करावयाच्या नमुना-चौकोनाचा खर्चही अंदाजातच दाखवावा. तो वाचविण्याकडे सर्वांचाच कल असतो. परंतु ओल्या थराचा रंग व घासून सुकलेल्या फरशीचा रंग यांत पुष्कळ अंतर असल्याने करारात छटेचे नाव लिहून भागत नाही.

जुन्या फरश्यांच्या दुरुस्तीत सामग्रीचा हिशोब गौण ठरतो. मुंबईतील ज्या आर्ट डेको इमारतींचा समूह व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला, त्या काळातील घरांतून अशा फरश्या आढळतात. तेथील हातभर तुकडा बदलण्यास काही किग्रॅ. मालच लागतो, मात्र जुन्या खडीचा आकार व रंग ओळखणे, तशी खडी मिळवून चाळणे, तीन-चार नमुने करून ते घासून पाहणे यांत कारागिराचे अनेक दिवस जातात. म्हणून अशा कामाचा अंदाज चौरस मीटरवर न करता नमुन्यांची संख्या व कारागिराचे दिवस यांवरून करणे सयुक्तिक ठरते.