जहाज कंपनीचे, बारीकी कारागिराची

कापड बाजाराचा एक जुना अनुभव आहे. साधे कापड विकून पोट भरते. काठ, जर, गोटा आणि लेस यांनी नफा वाढतो. गिरणीतून आलेला तागा सगळ्या दुकानांत सारखाच असतो. त्यावर कोणी आरीकाम केले, कोणी नेटकी किनार लावली की त्याच कापडाचा भाव बदलतो. हे काम गिरणी करीत नाही, कारण तिला ते परवडत नाही. गिरणीने मोकळ्या सोडलेल्या जागेवर लहान कारागिराचे घर चालते.

याच नियमाचे एक निराळे उदाहरण आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. बीड जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही, तरी विषय युद्धनौकांचा आहे. या नौका टेबलावर मावणाऱ्या आहेत आणि त्यांच्यावर चढविल्या जाणाऱ्या पितळी बारीक कामाचा जगभर स्वतंत्र व्यापार आहे.

चार दुकानदारांचा शहाणपणा

जहाजाच्या प्रतिकृतीचे किट म्हणजे साच्यात काढलेल्या प्लास्टिकच्या सुट्या भागांचा डबा. घेणारा ते भाग कापतो, घासतो, चिकटवितो, रंगवितो. या धंद्याचे मोठे ठिकाण जपानमधील शिझुओका हे शहर होय. तेथील तामिया कंपनी १९४६ साली लाकडाच्या वखारीपासून सुरू झाली. पुढे ती लाकडी प्रतिकृती करू लागली आणि १९६० साली तिने ‘यामातो’ या युद्धनौकेचे प्लास्टिकचे किट काढले.

१९७१ साली शिझुओकाच्या चार कंपन्या एकत्र आल्या: तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी. चौघी एकमेकींच्या स्पर्धक. तरीही त्यांनी जहाजांची नावे आपसांत वाटून घेतली आणि सर्वांचे माप एकच ठरविले. खऱ्या जहाजाचे ७०० फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक फूट, अर्थात १/७०० प्रमाण. फुजिमी १९९२ साली या मंडळींतून बाहेर पडली, पण माप टिकले. मोठ्या प्रतिकृतींसाठी १/३५० हे प्रमाणही रुळले.

माप एक झाल्याचा फायदा त्या चौघींपुरता राहिला नाही. चारही कंपन्यांची जहाजे एका मापाची असतील, तर एका मापाचा कठडा चौघींच्या जहाजांना चालतो. सुटे भाग करणाऱ्या तिऱ्हाईत कारागिराला त्यामुळे बाजार मिळाला. कपड्यात बटनाचे माप ठरलेले नसते तर बटनाचा वेगळा व्यापार उभा राहिला असता काय, याचा विचार करावा.

साचा कुठे हरतो

आता हिशेब पाहू. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ७०० फूट लांब होती. १/३५० प्रमाणात ती बरोबर २ फुटांची होते. तिच्या कडेचा एक मीटर उंचीचा कठडा प्रतिकृतीत ३ मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो. दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा दांडा १ मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून बारीक होतो. १०० नंबरी सुती धाग्याची जाडी जवळपास एवढीच असते. एवढी बारीक रेघ प्लास्टिकच्या साच्यात उतरत नाही. प्लास्टिकचा दांडा ०.३ मिलिमीटरचा धरला, तरी खऱ्या जहाजावर त्याची जाडी १० सेंटीमीटर होईल. असा कठडा बोटीला शोभत नाही, वाड्याच्या ओसरीला शोभेल.

म्हणून किटवाली कंपनी कठडे देतच नाही, आणि शिड्या, रडारची जाळी, क्रेनचे सांगाडे यांचे जाडसर ठोकळे देते. तिची यात लबाडी नाही. ती साच्याची हद्द आहे. या हद्दीपलीकडे दुसऱ्यांचा धंदा सुरू होतो. चेक प्रजासत्ताकातील एदुआर्द ही कंपनी १९८९ पासून या व्यवसायात आहे आणि ओबर्नित्से या लहानशा गावातून तिचा माल जगभर जातो. पोलंडमध्ये लेथवर कातलेल्या पितळी तोफनळ्या होतात. ‘यामातो’ची तोफ ४६ सेंटीमीटर तोंडाची होती. १/३५० प्रमाणात तिची नळी सुमारे ६ सेंटीमीटर लांब आणि तोंडाचे छिद्र १.३ मिलिमीटरचे होते. अशा नऊ नळ्या एकसारख्या कातायच्या. लहान लेथवर हात बसलेल्या माणसाला हे काम समजायला वेळ लागणार नाही.

दोऱ्यांचे कामही आमच्या ओळखीचे निघाले. डोलकाठीपासून ताणलेल्या तारा दाखविण्यासाठी शौकीन लोक लायक्रा जातीचा ताणला जाणारा धागा वापरतात. धक्का लागला तरी तो तुटत नाही, पुन्हा ताठ होतो. २० डेनिअरचा असा धागा १ मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका जाड असतो. आम्ही जो धागा किलोवर मोजतो, तो तेथे लहानशा रिळावर मीटरने विकला जातो.

पितळ कसे कोरतात

कठडे आणि जाळ्या करण्याच्या पद्धतीला फोटो-एचिंग म्हणतात. नाव परके असले तरी काम परके नाही. ज्यांनी कापडावर छपाईचे स्क्रीन तयार होताना पाहिले आहे, त्यांनी निम्मे काम पाहिले आहे. स्क्रीनच्या जाळीला मसाला लावतात, फिल्म ठेवून उजेड देतात आणि पाण्याने धुतात. उजेड लागलेला भाग टिकतो, झाकलेला वाहून जातो. येथे जाळीच्या जागी पितळेचा पातळ पत्रा असतो, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा.

पत्रा स्वच्छ करून दोन्ही बाजूंनी मसाला चढवितात. दोन्ही बाजूंच्या फिल्म तंतोतंत जुळवून उजेड देतात. धुतल्यानंतर जो भाग उघडा पडतो तो फेरिक क्लोराइडचे द्रावण खाऊन टाकते. दोन्ही बाजूंनी उघडा असेल तेथे आरपार भोक पडते. एकाच बाजूने उघडा असेल तेथे पत्रा सुमारे निम्म्या जाडीचा राहतो. या अर्ध्या खोदाईतून दारावरच्या बिजागऱ्या दिसतात आणि पत्रा दुमडायची रेघही मिळते. इलेक्ट्रॉनिक्सचे सर्किट बोर्ड आणि दारावरच्या पितळी पाट्या याच वाटेने होतात. जुन्या छापखान्यांत छायाचित्रांचे जस्ताचे ब्लॉक तेजाबाने कोरीत, तेही याच कुळातले काम.

एक इशारा येथेच देतो. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते. ते गटारीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांशिवाय हे काम घरात मांडू नये. मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

लावणाऱ्याची रीत

भाग विकत घेतला म्हणजे काम झाले असे नाही. पितळी भाग एका चौकटीत बारीक दांड्यांनी अडकलेले असतात. ते काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवून धारदार पात्याने कापतात. खाली मऊ वस्तू असली तर भाग वाकतो. दुमडायचा भाग दोन सरळ पट्ट्यांत दाबून एकदाच वाकवितात. पुन्हा पुन्हा वाकविले तर पितळ तुटते. गोल वळवायचा असेल तर आधी ज्योतीवर तापवून मऊ करतात.

प्लास्टिकचा चिकट पदार्थ पितळेला धरत नाही. त्यासाठी फेविक्विकच्या जातीचा गोंद लागतो. तो बाटलीतून थेट लावीत नाहीत. एक थेंब टाकाऊ तुकड्यावर घेऊन सुईच्या टोकाने सांध्याला टेकवितात, म्हणजे तो आपोआप आत ओढला जातो. डोलकाठीसारखा भार घेणारा भाग डाख देऊन जोडला तर अधिक टिकतो. पितळेवर आधी अस्तराचा रंग द्यावा लागतो, नाहीतर वरचा रंग सुटतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी प्लास्टिकवरची जाडी शिडी खरवडून काढायची, मग तेथे पितळी शिडी बसवायची. आतून बाहेर आणि खालून वर काम न्यायचे. कठडे सर्वांत शेवटी, कारण हात तेथेच लागतो. कठड्याची लांबी आधी कागदाच्या पट्टीने घ्यावी आणि त्या पट्टीवरून पितळ कापावे. शिंपी आधी माप घेतो, मग कात्री चालवितो, तसेच हे.

विक्रांत, पण कोणत्या सालची?

या धंद्यातली खरी कसोटी हाताची नाही, माहितीची आहे. गिऱ्हाईक ‘विक्रांत’ मागेल, तर पहिला प्रश्न विचारावा: कोणती आणि कोणत्या सालची? जुनी विक्रांत १९४३ साली इंग्लंडात बांधायला घेतली, १९४५ साली पाण्यात उतरली आणि अपुरीच राहिली. भारताने ती १९५७ साली घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरची सी हॉक आणि अलिझे विमाने पूर्वेकडे लढली. त्या वेळी डेकवर विमान फेकणारे वाफेचे यंत्र होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते काढून पुढे उतरंडीसारखा चढ बांधला गेला, सी हॅरिअर विमानांसाठी. चढ दाखवून शेजारी सी हॉक उभे केले तर जाणकार किट खाली ठेवतो. आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात आलेली नवी विक्रांत तर सर्वस्वी वेगळी नौका आहे.

जुनी विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मुंबईत ती संग्रहालय म्हणून २०१२ पर्यंत उभी होती. माल खरेदीला मुंबईत जाणाऱ्या आमच्यासारख्या अनेकांना ती ठाऊक आहे. २०१४ साली तिचा लिलाव सुमारे ६० कोटी रुपयांना झाला आणि दारूखान्यात ती तोडली गेली. तिच्या लोखंडाचा काही भाग पुढे मोटारसायकलींत गेला. आता तिची शिडी कुठे होती, कठड्याला किती आडवे दांडे होते, हे मोजायला जहाज नाही. छायाचित्रे, नकाशे आणि नीट केलेल्या प्रतिकृती एवढेच उरले. प्रतिकृतीतला चुकीचा दांडा उद्या खरा समजला जाईल.

दीवच्या किनाऱ्यावरील ‘खुकरी’ नौकेचे स्मारक पाहिले म्हणजे हे आणखी पटते. ही नौका ९ डिसेंबर १९७१ रोजी बुडाली आणि तिच्याबरोबर १८ अधिकारी व १७६ खलाशी गेले. स्मारकात तिची प्रतिकृती काचेच्या घरात समुद्राकडे तोंड करून ठेवली आहे. तिला खेळणे म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही.

आपल्यासाठी यात काय

बीडची छागल आणि बीडची गुप्ती एकेकाळी नावाजलेली होती. छागलीत आता पाणी कोण ठेवतो? वस्तूची गरज संपली की हुन्नर असूनही हात रिकामे राहतात. म्हणून हुन्नर एकाच वस्तूला बांधून ठेवू नये, असे आमचे मत आहे. ज्याला पितळेवर अक्षर कोरता येते, स्क्रीन करता येतो, लहान लेथ चालविता येतो, त्याच्याजवळ या कामाचे मूळ आहे. कमी आहे ते मापाचे शिक्षण आणि संगणकावर रेखाटन करण्याचा सराव. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी रेखाटन करील आणि वडील पत्रा उतरवतील, अशी जोडी जमू शकते.

खोटी आशा दाखविणे आम्हास मान्य नाही. या मालाचे गिऱ्हाईक थोडे, लांबचे आणि चोखंदळ आहे. रेझिनच्या थ्री-डी छपाईने लहान होड्या, तोफा, पेट्या यांचे काम घेण्यास सुरुवात केली आहे. पातळ कठड्यांना मात्र अजून पितळेला पसंती आहे. तेव्हा चालू धंदा बंद करून यात उडी घेऊ नये. पाट्या, पदके, भेटवस्तू यांचे रोजचे काम चालू ठेवावे आणि पत्र्याच्या उरलेल्या जागेत १/३५० चा एक कठडा उतरवून पाहावा. तो ३ मिलिमीटरपेक्षा उंच झाला किंवा दांडे वाकडे आले तर पुन्हा करावा. चार वेळा करून एकसारखा आला की मगच नमुना बाहेर दाखवावा.

कापडात एक इंचाची चूक शिवणीत लपते. येथे केसाएवढी चूकही लपत नाही. ज्या कारागिराला हे जमेल, त्याला दुसऱ्या कोणत्याही बारीक कामात कोणी परत पाठविणार नाही.