कोटीपोटातील उपकारक जीवाणू

खळ्यावरील ज्वारीच्या राशीवर तुटून पडलेली किंवा लग्नघरचे उरलेले अन्न पोटभर खाल्लेली गाय दुसऱ्या दिवशी वैरणीला तोंड लावीत नाही, रवंथ करीत नाही. शेण पातळ व आंबूस होते. वेळीच उपचार न झाल्यास ती दगावण्याचा संभव असतो. वास्तविक त्या अन्नात विष नसते. बिघडतो तो कोटीपोटातील जीवाणूंचा समतोल.

मोठ्या गाईच्या कोटीपोटात 100 लिटरांहून अधिक ऐवज मावतो. तेथील असंख्य सूक्ष्म जीव कडब्यातील तंतुमय भाग आंबवून त्याचे पोषकद्रव्यांत रूपांतर करतात. एकदम भरपूर धान्य पोटात गेल्यास मात्र स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जीवाणू झपाट्याने वाढून दुग्धाम्ल तयार करतो व एरवी 6 ते 7 असणारा सामू 5 च्याही खाली उतरतो. हे आम्ल पचविणारा मेगास्फेरा एल्सडेनाय हा जीवाणू तेथेच असतो. परंतु त्याची संख्या वाढण्यास अवधी लागतो. खुराक दोन ते तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवावा, हा नियम गाईपेक्षा या जीवाणूंसाठीच आहे म्हणा ना!

खुराकात जिवंत यीस्ट मिसळल्यास ते कोटीपोटातील उरलासुरला प्राणवायू वापरते व आम्ल पचविणाऱ्या जीवाणूंना बळ देते. तथापि, धान्याच्या राशीवर ताव मारलेले जनावर त्याने वाचेल, अशी अपेक्षा बाळगू नये. अशा वेळी पशुवैद्यक आधी आम्लतेवर उपचार करतात आणि मग निरोगी जनावराच्या कोटीपोटातील ताजा द्रव गाळून, कोमट असतानाच, नळीवाटे पोटात सोडतात. घरी तो बाटलीने पाजू नये; फुप्फुसात गेल्यास जनावर हाती लागत नाही.