बारमाही भाजीपाला: पीक बदला, वाण बदला, एक तुकडा मोकळा ठेवा

पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात पाण्याची सोय असेल, तर वर्षातला एकही महिना भाजीपाल्याला बंद नसतो. निफाडसारखी काही ठिकाणे सोडली, तर हिवाळाही सौम्यच असतो. ही मोठी सोय आहे. पण तिची दुसरी बाजू लक्षात घ्या. जिथे कडाक्याची थंडी पडते, तिथे शेत काही महिने रिकामे राहते आणि किडींची साखळी आपोआप तुटते. आपल्याकडे पांढरी माशी, फुलकिडे, सूत्रकृमी यांना बारा महिने खाद्य मिळते. ही साखळी तोडण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. ते न करता टोमॅटोमागे टोमॅटो घेतला, तर तिसऱ्या लागवडीपर्यंत रोपे, तार-बांबू आणि फवारणीचा खर्चही अंगावर येण्याची वेळ येते.

हंगामानुसार पीक निवडा

- खरीप (जून-जुलै): भेंडी, गवार, कारली, दोडका, वांगी, मिरची. निचरा महत्त्वाचा असल्याने लागवड गादीवाफ्यावर करावी. वेलवर्गीय पिके मांडवावर किंवा ताटीवर घ्यावीत. जमिनीवर पसरलेल्या वेलाची फळे पावसात सडतात.
- रब्बी (ऑक्टोबर-नोव्हेंबर): वाटाणा, गाजर, कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मेथी, पालक.
- उन्हाळी (जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी): भेंडी, गवार, काकडी, दुधी भोपळा. या काळात रात्री गार असल्याने वेलवर्गीय बियाणे उशिरा उगवते. ते कोमट पाण्यात भिजवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून उबदार जागी ठेवावे आणि मोड दिसताच टोकावे.

टोमॅटोची उन्हाळी लागवड लांबवू नका. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही उकाडा राहिला, की परागकण कमकुवत होतात व फुले गळतात. फूलगळीचे कारण उष्णता असेल, तर संजीवकांच्या फवारण्या वाढवून खर्च वाढतो, फळे वाढत नाहीत.

भाजी तीच, वाण वेगळा

मुळा वर्षभर घेता येतो, पण एकाच वाणावर नाही. पुसा चेतकी उष्ण हवामानात चांगला येतो, तर पुसा हिमानी थंडीत. कांद्यामध्ये बसवंत ७८० खरिपासाठी आहे. रब्बीसाठी एन-२-४-१ निवडावा.

फ्लॉवरमध्ये चूक सर्वांत महाग पडते. लवकर येणारा वाण उशिरा लावला, तर झाड लहान असतानाच बटणासारखा गड्डा धरतो. थंडीची गरज असलेला स्नोबॉल गटातील वाण लवकर लावला, तर नुसती पाने वाढतात. बियाण्याच्या पाकिटावरील हंगाम वाचल्याशिवाय खरेदी करू नका.

एकाच दिवशी सगळी लागवड नको

एक एकर एकाच दिवशी लावले, तर सगळा माल एकाच पंधरवड्यात येतो. त्या वेळी दर पडले, तर हातात दुसरे काही नसते. त्याऐवजी क्षेत्राचे ५ गुंठ्यांचे ८ तुकडे पाडावेत.

पालेभाजीसाठी ठेवलेल्या ५ गुंठ्यांचे हे गणित पाहा. १ गुंठ्याचे ५ वाफे करा. दर ८ दिवसांनी एका वाफ्यात मेथी पेरा. मेथी साधारण ३० दिवसांत काढणीला येते. पाचवा वाफा पेरून ८ दिवस झाले, की पहिल्या वाफ्याला ४० दिवस पूर्ण होतात. म्हणजे काढणी, मशागत आणि शेणखत मिसळण्यासाठी १० दिवस मिळतात आणि दर आठवड्याच्या बाजाराला माल राहतो.

मोकळा तुकडा म्हणजे वाया गेलेली जमीन नव्हे

टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील पिके आहेत. वांग्यानंतर मिरची घेतली, तर पीक बदलले. रोगांचे खाद्य बदलले नाही. या पिकांनंतर त्या तुकड्यात मका, कांदा, कोबी किंवा झेंडू घ्यावा. मुळांवर गाठी दिसत असतील, तर झेंडूची फेरपालट विशेष उपयोगी ठरते.

आठपैकी एक तुकडा आळीपाळीने मोकळा ठेवा. पावसाळ्यात त्यात ताग पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. एप्रिल-मेमध्ये वाफे भिजवून २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद ४ ते ६ आठवडे अंथरावा व कडा मातीने बंद कराव्यात. उन्हाच्या तापाने जमिनीतील बुरशी, सूत्रकृमी आणि तणांचे बी कमी होते.

जुने पीक संपल्यावर झाडे बांधावर टाकू नका. उपटून लगेच नष्ट करा. नवी रोपवाटिका जुन्या प्लॉटपासून दूर आणि ४० ते ५० मेशच्या जाळीत ठेवा. पर्णगुच्छ रोग रोपावस्थेत आला, तर पुढे कोणत्याही औषधाने झाड पूर्ववत होत नाही.

पांढऱ्या माशीला बांध कळत नाही. शेजारच्या शेतात जुना टोमॅटो उभा असेल, तर आपल्या एकट्याच्या खंडाचा उपयोग मर्यादित राहतो. म्हणून कृषी सहायकांनी गटाच्या बैठकीत शिवारातील लागवडीच्या तारखा एकत्र ठरवून घ्याव्यात.

शेवटी पाणी मोजा

फेब्रुवारीअखेर विहिरीची पातळी पाहा आणि मे महिन्यात किती तुकडे भिजतील, तेवढीच उन्हाळी लागवड उभी ठेवा. आठ तुकडे अर्धवट भिजवण्यापेक्षा तीन नीट भिजवलेले चांगले. बाकीचे उन्हात तापू द्या. जूनमधल्या पिकाची ती तयारीच आहे.