मराठी कादंबरी वाटेवर जन्मली

मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी कोणती, असे विचारले की ‘यमुनापर्यटन’ म्हणायचे, बाबा पदमनजी आणि १८५७ साल सांगायचे आणि पुढे सरकायचे, हा आपल्याकडचा शिरस्ता. परीक्षेत एका गुणापुरते ते पुरते. पुस्तकाचे पूर्ण नाव मात्र ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे आहे. अर्धे नाव प्रवासाचे, अर्धे अहवालाचे. पुस्तकही तसेच आहे.

यमुना मिशनच्या वळणात शिकलेली, नवरा विनायकराव समजूतदार. दोघे प्रवासाला निघतात, नागपूर, सातारा, पंढरपूर अशी गावे पाहतात, आणि जागोजागी यमुनेला विधवांच्या हकिकती कळत जातात. तेव्हाचा प्रवास कसा होता हे लक्षात घेतले की ही रचना उलगडते. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली होती खरी, पण नागपूरला ती पोचली १८६७ साली. त्याआधी देशावरचा प्रवास म्हणजे मुक्कामामागून मुक्काम. मुक्काम पडला की चूल, चूल म्हटली की शेजार, आणि शेजार जमला की बायकांचे बोलणे. हे बोलणे त्या काळच्या कुठल्या सुधारकाच्या कानावर पडणार होते? परपुरुषाला माजघरात प्रवेश नव्हता आणि बाईला एकटीने गाव सोडता येत नव्हते. नवऱ्याबरोबर निघालेली शिकलेली बाई हीच एक सोय होती. पदमनजींनी ती नेमकी हेरली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा, त्यामुळे विषयही ताजा होता.

प्रवासाचा सांगाडा त्यांच्यापुढे तयार होता, असे मानायला जागा आहे. बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे मराठी भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ हरि केशवजींनी १८४१ सालीच केले होते. पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झालेले. हे पुस्तक त्यांच्या परिचयाचे नसेल तर नवल. पण बन्यनचा यात्रिक स्वर्गनगरीकडे चालतो आणि यमुना पंढरपूरला जाते, हा फरक लहान नाही.

कादंबरीतली सगळ्यात जोरदार खेळी पुढे येते. विनायकराव मरतो. दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकत फिरणारी यमुना एका फटक्यात त्याच कहाण्यांपैकी एक होते. एवढ्या एका वळणासाठी मी पदमनजींना कादंबरीकार म्हणेन. पुढे ती ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते, आणि तिथे कादंबरीवर प्रचारकाची मांड बसते.

गंमत अशी, की त्याच १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. ती खरी हकिकत कादंबरीसारखी वाचली जाते आणि पदमनजींची कादंबरी चौकशी अहवालासारखी!

यमुनेनंतर आपली कादंबरी रस्ता सोडून राजवाड्यांत शिरली. ‘मुक्तामाला’ १८६१ची, ‘मंजुघोषा’ १८६८ची. अद्भुताची चटक वाचकांना लागायला वेळ लागला नाही. विधवेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला हरिभाऊ आपट्यांनी, १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधून. त्यांच्या नायिकेचे नावही यमुनाच, घरची यमू. हे मुद्दाम की योगायोगाने, यावर पैज लावणार नाही. या यमूला गावोगाव फिरावे लागत नाही; पुण्यातल्या घरातच सगळे पुढ्यात वाढून ठेवलेले असते. तिचा महत्त्वाचा प्रवास एकच, पुण्याहून मुंबईला. तिथे नवऱ्याबरोबरचा मोकळा संसार तिच्या वाट्याला येतो. नवरा गेल्यावर ती पुन्हा सासरच्या शंकरमामंजींच्या हाती सापडते आणि तिचे बळजबरीने केशवपन होते. पहिल्या यमुनेला रस्त्याने निदान सुटकेकडे नेले होते. दुसरीला तो पुन्हा माजघरात आणून सोडतो. हरिभाऊ कितीतरी पटींनी मोठे कादंबरीकार, यात वाद नाही, पण बाईला घराबाहेर काढून तिच्या डोळ्यांनी मुलूख दाखवण्याची पदमनजींची कल्पना त्यांच्यापेक्षा धीट होती.

‘यमुनापर्यटना’ला मिशनऱ्यांची पुस्तिका म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ते एकदा प्रवासाची कादंबरी म्हणून वाचावे. पुस्तक आटोपशीर आहे, चार बैठकींत संपते.