काठी तीच, हात निराळे

इजिप्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात आणि इजिप्तचा नाच म्हटले की सिनेमात पाहिलेली, कंबर लचकवणारी नर्तकी. पण दक्षिण इजिप्तमधल्या खेडुताला त्याचा नाच विचारावा, तर तो कोपऱ्यातली काठी दाखवील! या भागाला तिथे ‘सईद’ म्हणतात. लग्न असो वा उरूस, ‘तहतीब’ रंगल्याखेरीज सईदमधल्या सोहळ्याला शोभा नाही.

मोठा ढोल घुमू लागतो. सनईच्या जातीचे ‘मिझमार’ सूर धरते. पायघोळ झगे घातलेले दोन पुरुष चार फुटांपर्यंतच्या काठ्या घेऊन रिंगणात उतरतात. काठी गरगर फिरते, प्रतिस्पर्ध्याच्या मस्तकाचा वेध घेते. पण घाव मात्र बसत नाही. मारायचे नाही, हाच तर नियम! अंगात बळ असताना हात आवरायचा, यातच सईदी माणूस मर्दानगी मानतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मेदिनेत हाबू मंदिराच्या भिंतीवर काठ्यांनी झुंजणारे वीर कोरलेले आहेत. एकेकाळची ही युद्धविद्या पुढे सणासुदीचा खेळ झाली.

हीच काठी बायकांच्या हाती आली आणि तिचा नूरच पालटला. काठी हलकी झाली, कधी खांद्यावर विसावली, कधी डोक्यावर तोलली गेली. पुरुषांच्या ऐटीची ती गोड थट्टाच जणू!

मात्र नाचणाऱ्या बाईकडे समाज कसा पाहत होता? लग्नात तिच्यावाचून अडायचे, पण घराण्यात ती नको असायची. १८३४ साली महंमद अली पाशाने कैरोतल्या नाचणाऱ्या बायकांवर बंदी घातली आणि त्यांना दक्षिणेकडे पिटाळले. ‘गवाझी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नर्तकींचा वारसा पुढे तिथेच टिकला.

हा कलंक पुसण्याचे धाडस १९५९ मध्ये महमूद रेडा यांनी केले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये उतरलेला हा जिम्नॅस्ट. त्यांनी सुशिक्षित तरुण-तरुणींचे नृत्यपथक उभारले, गावोगाव हिंडून नाच पाहिले आणि रंगमंचासाठी ते नव्याने बांधले. पथकाची प्रमुख नर्तकी फरीदा फहमी ही एका प्राध्यापकाची मुलगी, आणि वडिलांचा तिला भक्कम पाठिंबा! पाहता पाहता सभ्य घरांतून या नाचाला टाळ्या पडू लागल्या. १९६१ मध्ये सरकारनेच पथक आपल्याकडे घेतले. २०२० मध्ये रेडा गेले, तेव्हा त्यांची शैली देशोदेशी शिकवली जात होती.

२०१६ मध्ये युनेस्कोने तहतीबला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. काठीचे भाग्य उजळले खरे. पण मंचावर सारे पाय एका तालात पडतात. गावच्या रिंगणातला पुढचा डाव मात्र कुणालाच ठाऊक नसतो. शिवाय प्रतिष्ठा लाभली ती शिकल्यासवरल्या घरांतून आलेल्यांना. ज्यांनी हेटाळणी सोसून नाच पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला, त्या गवाझींच्या पदरात तिच्यातले किती पडले? नृत्याला मान देणे सोपे असते. नाचणारीला तो देताना समाजाचा हात आजही अडखळतो.