बारावीचे वर्ष आणि प्रवेश परीक्षेचा फॉर्म : निर्णय घरात बसून घ्या

हिंगोली जिल्ह्यात हळदीची काढणी आणि शिजवणी चालते, त्याच दिवसांत बारावीची परीक्षा येते. सीईटी आणि नीटचे फॉर्म भरण्याची मुदतही त्याच सुमारास असते. आई-वडील दोघेही मजुरीवर, मोठा भाऊ ऊसतोडीला किंवा पुण्याच्या कारखान्यात. अशा घरात मुलगी म्हणते, 'सीईटीचा फॉर्म भरायचा आहे.' त्यावर उत्तर येते, 'बारावीची परीक्षा देतेसच ना, मग ही आणखी एक कशाला?' प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचे नीट उत्तर द्यावे, असे आम्हांस वाटते.

आमच्या पिढीत बारावीचे गुणपत्रक हातात आले की त्यावर प्रवेश मिळत असे. आता तसे राहिलेले नाही. अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि बी.एस्सी. कृषी यांसाठी राज्याची एमएचटी-सीईटी लागते. एम.बी.बी.एस., दंतवैद्यक आणि आयुर्वेद यांसाठी देशभराची नीट लागते. अभियांत्रिकीला बारावीचे गुण पात्रतेपुरते, म्हणजे अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला तीन विषयांत मिळून ४० टक्के पुरतात. पण जागा सीईटीच्या क्रमाने मिळते. ८५ टक्के मिळवलेला मुलगा सीईटीला बसलाच नाही, तर राज्याच्या यादीत त्याचे नावच येत नाही.

पालकांच्या मनातली मोठी गल्लत इथेच होते. फॉर्म भरणे, परीक्षा देणे आणि प्रवेश घेणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा दिली म्हणून कुणी प्रवेश घ्यायला बांधील नसतो. गुण आले, फी झेपते असे दिसले तर जावे. नाही तर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चा रस्ता मोकळाच असतो. उलट फॉर्मची तारीख एकदा गेली की ते वर्ष गेले. म्हणून आमचे म्हणणे असे की, विज्ञान शाखेच्या मुलामुलींनी सीईटीचा फॉर्म भरावाच. २०२५ पर्यंतच्या पद्धतीप्रमाणे हा पेपर २०० गुणांचा असून चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात. म्हणजे बोर्डासाठी केलेला अभ्यास वाया जात नाही. पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतून मिळतात, गणित मात्र इंग्रजीत असते. तेवढी सवय आधीपासून करावी.

नीटचे तसे नाही. तिथे १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, आणि प्रत्येक चुकीला एक गुण वजा होतो. मराठी प्रश्नपत्रिका हवी असल्यास फॉर्ममध्येच तशी निवड करावी लागते. जीवशास्त्राची आवड नसताना केवळ शेजारच्याचा मुलगा बसला म्हणून बसू नये. आणि लातूर-नांदेडच्या क्लाससाठी सावकाराचे व्याजी पैसे तर मुळीच काढू नयेत. नीट पुन्हा देता येते. सावकाराचे व्याज मात्र मुलाच्या निकालासाठी थांबत नाही.

हा निर्णय खरे तर अकरावीलाच सुरू होतो. गणित सोडले की अभियांत्रिकीचे दार बंद, जीवशास्त्र सोडले की डॉक्टरकीचे. झेपत असेल तर दोन्ही विषय ठेवावेत. ज्याला प्रवेश परीक्षेची वाटच नको, त्याने दहावीनंतर पॉलिटेक्निकचा विचार करावा. हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथून पदविका झाली की सीईटी न देता अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. परीक्षा न देणे यात कमीपणा नाही. पण ते समजून-उमजून ठरवलेले असावे, माहिती नव्हती म्हणून घडलेले नसावे.

आता कागदपत्रांविषयी. फॉर्ममध्ये धर्म 'बौद्ध' आणि प्रवर्ग 'अनुसूचित जाती' असे दोन वेगळे रकाने भरावयाचे असतात. धर्म बौद्ध लिहिला म्हणून प्रवर्गात 'खुला' निवडणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या, त्या एका चुकीच्या खुणेने घालवू नयेत. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर महसुली नोंदी शोधाव्या लागतात. निजामाच्या काळातले आपल्याकडचे कागद पुष्कळदा उर्दूत असतात, ते वाचून घ्यायलाच महिना जातो. म्हणून वैधतेचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करावा. निकालानंतर धावपळ करून उपयोग नसतो.

फीच्या भीतीने फॉर्म टाळू नका. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतून झाला असेल, तर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ती मिळत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. ही रक्कम बऱ्याचदा उशिरा येते. तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची तजवीज घरात आधी बोलून ठेवावी.

१९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून पोरे पत्र्याच्या पेट्या घेऊन तिथे गेली. आज त्याच मराठवाड्यातल्या हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ मध्ये ते १०० जागांनी सुरू झाले. इमारत आपल्या गावात आली, पण तिचे दार प्रवेश परीक्षेतूनच उघडते. त्या इमारतीवर आपण केवळ गवंडीकामाला जायचे की आपल्या लेकीने पांढरा कोट घालून आत जायचे, हा प्रश्न आहे.

तेव्हा माता-पित्यांनो, या आठवड्यात एक संध्याकाळ काढा. मुलाला किंवा मुलीला समोर बसवा आणि विचारा : तुला काय व्हायचे आहे, त्याला कोणती परीक्षा लागते, शेवटची तारीख कोणती? तिला उत्तर देता आले तर तिचे ऐका. आले नाही तर दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून महाविद्यालयात जाऊन विचारून या. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका जरूर पाहावी. आणि परीक्षेच्या दिवशी हळदीचे काम असेल तर एक मजूर जास्तीचा लावा. एका दिवसाच्या हजेरीपेक्षा तो तीन तासांचा पेपर मोठा आहे.