पोलादालाही मेंदी लागते!

तापवून लाटलेल्या पोलादी पत्र्यावर ऑक्साइडची काळी खपली बसते. जस्ताचा मुलामा देण्याआधी ती काढायला पत्रा हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लात बुडवतात. याला पिकलिंग म्हणतात. (लोणच्याशी संबंध नाही!) अडचण अशी, की खपलीसोबत आम्ल खालचं चांगलं लोखंडही खाऊ लागतं. म्हणून त्यात थोडं गंजरोधक रसायन घालतात. प्रोपार्गिल अल्कोहोलसारखी यातली काही रसायनं कामाला चोख, पण चांगलीच विषारी.

इथे वनस्पती मदतीला येतात. ज्या रेणूंत नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोड्या आणि बेंझिनसारखी कडी असतात, ते धातूला चिकटून पातळ थर धरतात. मग आम्लाला लोखंडापर्यंत पोचणं अवघड होतं. दारुहळदीतलं बर्बेरिन, मिरीतलं पायपरिन, मेंदीला रंग देणारं लॉसोन, सगळी या कामाची. 2009 साली 'करोजन सायन्स' नियतकालिकात आलेल्या इराणी संशोधनात 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात लिटरमागे 1.2 ग्रॅम मेंदीचा अर्क घातला, तेव्हा सौम्य पोलादाची झीज सुमारे 92 टक्क्यांनी घटली. नुसतं लॉसोन त्याहून सरस ठरलं.

पण लगेच हुरळून जाऊ नका. अर्काला बुरशी लागते, हंगामागणिक त्यातले घटक बदलतात, आम्ल तापलं की बरेचदा थर सुटतो. कारखान्याला रोज तोच परिणाम हवा असतो, आणि माझ्या मते खरं घोडं तिथेच अडलंय.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, प्रकल्पासाठी झकास विषय आहे. पोलादाची पट्टी आम्लात बुडवण्याआधी आणि नंतर अचूक तोलायची, एवढ्यावर सुरुवात होते. मात्र हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखाली करा.